बॉथीतली लाकडं कोणी संपवली?

मंडळी, आत्ताच एडिनबराला घरी पोचलोय आणि डोकं अजून तापलेलंय.

आज डोंगरात चालताना पावसात चिंब भिजलो, म्हणून बॉथी गाठली. बॉथी म्हणजे वॉकर्ससाठी कायम उघडी असलेली दगडी खोली. भाडं नाही, कुलूप नाही. रीत एकच: आधीच्यांनी ठेवलेली लाकडं जाळा आणि निघताना पुढच्यांसाठी सुकी लाकडं ठेवून जा.

आत एकही काटकी नव्हती! कोपऱ्यात बाकरवडीची रिकामी पाकिटं, आणि येणाऱ्यांनी नोंद करायच्या तिथल्या वहीत कालच्या तारखेला चक्क मराठीत लिहिलेलं: "जाम धमाल! दोन दिवस शेकोटी विझू दिली नाही! मराठी गँग, वॉटफर्ड."

तेवढ्यात एक स्कॉटिश आजोबा आले, थंडीने कुडकुडत. त्यांनी स्वतःच्या सॅकमधून वाहून आणलेली चार लाकडं काढून जाळ केला आणि आधी मला शेकायला बसवलं. मग वहीवर बोट ठेवून विचारलं, "तुला वाचता येतं का हे? काय लिहिलंय?"

मी म्हणालो, "आभार मानलेत."

वॉटफर्डवाल्यांनो, तुमच्यामुळे मी आज त्या भल्या माणसाशी खोटं बोललो. पुढच्या वीकेंडला मी तिथे लाकडं ठेवायला जातोय. येताय का, ते खोटं खरं करायला?