पुंगळ्या निवडणारे मामा

मामा पितळ कानाने निवडायचे. तळोज्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमच्या पिस्तूल क्लबची नेमबाजीची रेंज होती. सराव संपला की जमिनीवर सांडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करून ते पोत्यावर बसत. चार-पाच पुंगळ्या ओंजळीत खुळखुळवायच्या आणि मान तिरपी करून ऐकायचं. धड असल्या तर खणखणत. त्यात एखादी चिरलेली असली तर आवाज बद्द यायचा. ती शोधून भंगारात टाकायची. उरलेल्यांत ठिणगी पाडणारी नवी टोपी, दारू आणि गोळी भरून आम्ही त्या पुन्हा वापरत असू, कारण नवी काडतुसं मिळायची मारामार.

क्लबात सगळेच त्यांना मामा म्हणत; मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन नावड्याला राहिलेले. "अजून एकदा चालेल की, मामा," असं सेक्रेटरी म्हणाले, की ते टाकाऊ पुंगळी त्यांच्यापुढे धरत. "भरा तुमी आन् उडवा बी तुमीच. म्या जातो लांब." सेक्रेटरी मुकाट्याने चहा मागवत. मी खांदेश्वरहून स्कूटरवर उशिरा पोचले, की मलाही ओरडा बसे. पण माझ्या पुंगळ्या ते वेगळ्या, दोनदा पारखून ठेवत. त्याचा मला फार तोरा होता.

एका रविवारी माझा बार भलताच झाला. गरम धूर तोंडावर आला, उजवा हात पोळला. चष्म्यामुळे डोळे वाचले. पुंगळी उभी चिरली होती. मामांनी ती इतर पुंगळ्यांत मिसळून कानाशी खुळखुळवली. मग दुसऱ्या कानाशी. मग ओंजळ माझ्यापुढे आणली.

"ताई, कशी वाजतीया?"

"बद्द वाजतेय, मामा."

जन्मभर बंदुकांशेजारी काढून त्यांचे कान गेले होते, आणि ते त्यांना तेव्हा, आम्हा सगळ्यांसमोर कळलं. त्यांनी निवडलेल्या पुंगळ्यांचा अख्खा डबा भंगारात उपडा केला. "माज्या हातची एक बी भरू नगा." भिंगातून पाहून निवडा, नाहीतर नुसते येऊन बसा, म्हणून आम्ही किती विनवलं! मामा परत आले नाहीत.

राज्य स्पर्धेत मेडल मिळालं तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. "वरडून बोल, पोरी," मामी म्हणाल्या. मी ओरडून सांगितलं, मेडल त्यांच्या मांडीवर ठेवलं. मामांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा उजवा हात ओढून घेतला, एकेक बोट सरळ करून दाबून पाहिलं.

"समदी धड हायेत गं," ते मामींना म्हणाले, आणि हात तसाच धरून लहान पोरासारखे रडले.