वालाच्या वेलावरची चिंधी

प्रमिलाबाईंनी मला फसवलं. बाई आता नाहीत, गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, हे मला चार जणांनी सांगून झालं आहे. तरी लिहितो. त्या असत्या तर मी हेच त्यांच्या फाटकात उभा राहून, आमच्या लेआउटमधल्या सगळ्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो असतो, आणि त्यांनीही चष्मा पुसत तेवढ्याच शांतपणे मला उलट ऐकवलं असतं.

त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडीत फुलकोबीच्या ढिगासमोर उभा होतो. फोन त्यांच्या पुतण्याचा, श्रीकांतचा. "काका, आत्या गेली," एवढंच तो बोलला. मी फोन खिशात ठेवला आणि समोरच्या शेतकऱ्याशी भाव पक्का करूनच निघालो. गाडी लोहाऱ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा लक्षात आलं की मी त्याने मागितला तेवढाच भाव कबूल केला होता. इतक्या वर्षांच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं.

बाईंची ओळख अकरा वर्षांपूर्वीची. तेव्हा माझं दुकान नव्हतं, हातगाडी होती. एमआयडीसीतल्या कारखान्यातलं काम सुटल्यावर मी गल्लोगल्ली भाजी विकत होतो. बाई सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. माझ्याकडून फक्त कांदे-बटाटे घ्यायच्या. एक दिवस माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बाई, माह्या वांग्याले काय कीड लागली का? रोज पाहून राह्यलो, तुम्ही हातच लावत नाही."

"कीड नाही रे, ते कालचं आहे," बाई म्हणाल्या. "ये, ताजं कसं असतं ते दाखवते."

घरामागे दहा-बारा पावलांची जागा. त्यात वांगी, भेदरे म्हणजे आपले गावरान टमाटे, लसणाची पात, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि मागच्या भिंतीला लागून मांडवावर चढलेला वाल. डिसेंबरचे दिवस होते. त्या आठवड्यात आभाळ उतरलं होतं, सकाळी धुकं, मध्येच थंडी, मध्येच उकाडा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचं तेच रडगाणं होतं... वालाचा फुलोरा गळला, मावा पडला, शेंगा धरल्याच नाहीत. आणि इथे बाईंच्या मांडवावर शेंगांचे घोस लटकत होते. मी भाजीवाला माणूस. मी त्या शेंगांकडे पाहिलं आणि लगेच विचारलं, "बी देता का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

आमची घासाघीस त्या दिवशी सुरू झाली ती अकरा हिवाळे चालली.

त्यांची एक रीत होती. बियाण्याचा वेल ठरवायचा तो भरघोस शेंगा पाहून नाही. हिवाळ्यातली सगळ्यात वाईट सकाळ उजाडू द्यायची, म्हणजे गारठ्याची, गारांची, आठ दिवस सूर्य न दिसल्यानंतरची. त्या सकाळी बाई शाल गुंडाळून मांडवाखाली उभ्या राहायच्या आणि ज्या वेलाने फुलं टाकली नाहीत त्याच्या बुंध्याला जुन्या साडीची चिंधी बांधायच्या. चिंधी बांधली की त्या वेलाची एकही शेंग खायची नाही. पाहुणा येवो, सण येवो. पुढच्या वर्षी पेरायचं ते त्याचंच बी. मी म्हणायचो, "बाई, हा शेजारचा वेल पाहा, शेंग दुप्पट लांब आहे." त्या म्हणायच्या, "लांब शेंग चांगल्या हवेत कोणीही देतं, परशराम. आता हवेचा काही भरवसा राहिला का?" त्यांचं बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच मला ते बी हवं होतं.

बी त्या तशा द्यायच्या, पण कोणाला, तर जो एक हिवाळा त्यांच्यासमोर वेल जगवून दाखवेल त्याला. मी जगवून दाखवला. दुकानामागे, पत्र्याच्या आडोशाला. तरी मला नाही. कारण मी विकणार होतो. मी ते लपवलंही नाही. एकदा यावरून आमचं जोराचं भांडण झालं. मी म्हणालो, "फुकट वाटलेली रोपं लोक पिशवीतच वाळवतात, मी डोळ्यानं पाह्यलं. दहा रुपये मोजले की माणूस पाणी घालते. मी विकलं तं रोप जगन, तुम्ही वाटलं तं मरन."

बाईंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "तू म्हणतोस ते खरं आहे. तेच तर मला सहन होत नाही." आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला. भांडण झालं की चहा, हा त्यांच्या घरचा नियम होता, आणि भांडणाच्या मानाने साखर जास्त.

दोन वर्षांपूर्वी मी बियाण्यासाठी छोटी पाकिटं छापून घेतली. वालाच्या वेलाचं चित्र, खाली माझ्या दुकानाचं नाव. बी हातात नसताना पाकिटं छापणं हा उतावळेपणा होता, मान्य. पण मी आयुष्यात प्रत्येक गोष्ट अशीच मिळवली आहे, आधी गाडी आणि मग भाजी. बाई एकदा दुकानात आल्या तेव्हा गठ्ठा काउंटरवरच होता. त्यांनी एक पाकीट उचलून वाचलं, परत ठेवलं आणि आलं मागितलं. त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. मी समजलो, चाललं.

यंदाच्या जानेवारीत गारा पडल्या. आदल्या संध्याकाळी आभाळाचा रंग पाहून मी आणि माझी बायको सकरी बाईंकडे धावलो, मांडवावर जुन्या साड्या आणि पोती बांधली. सकाळी साड्या फाटलेल्या, भेद्र्यांचा चिखल, वांगी झोडपलेली. बाकीच्या वेलांची फुलं गळालेली, एक वेल मात्र ताठ उभा होता. फुलासकट. बाई त्या गारठ्यात पाऊण तास त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. खोकत होत्या. निळ्या काठाची चिंधी हातात होती, ती त्यांनी माझ्यापुढे धरली.

"या वर्षी तू बांध."

"मी?"

"हो, तूच. माझी बोटं वळत नाहीयेत."

मी बांधली. माझ्या आजोबांच्या पद्धतीची गाठ. आमची जुनी माणसं बैलांच्या पाठीवर मिठा-धान्याच्या गोण्या लादून मुलूख फिरायची, ही गाठ त्या गोण्यांची. ओढली की आणखी आवळते. सोडायची तर एक टोक आत ढकलावं लागतं. बाईंनी ती माझ्याकडून दोनदा सोडवून, दोनदा बांधवून शिकून घेतली. "तुझ्यासारखीच आहे," म्हणाल्या, "ओढणाऱ्याला काही मिळत नाही." त्या हसल्या, मीही हसलो. चिंधी माझ्या हाताने बांधून घेतली याचा अर्थ बी माझं, असं मी धरून चाललो. कोणीही तसंच धरलं असतं.

चार दिवसांनी ताप छातीत उतरला. दवाखान्यात मी रोज जात होतो. बाई वालाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. शेवटच्या भेटीत म्हणाल्या, "परशराम, मंडीत मफलर बांधून जात जा."

तेरवीला मी मागच्या दारी गेलो. मांडव मोकळा. माझ्या वेलावर, हो, माझ्याच म्हणतो, एक शेंग नव्हती. चिंधी नव्हती. आणि पंगतीत वाल-वांग्याची भाजी. मी भरल्या ताटावरून उठलो आणि सगळ्या नातेवाइकांसमोर श्रीकांतवर ओरडलो, "बाईच्या तेरवीले बाईचं बियाणं खाऊ घातलं? अकरा वर्षं मले एक दाणा नाई भेटला अन् तुम्ही फोडणी देऊन मोकळे?"

तो बिचारा हातात वाढायचं भांडं घेऊन उभा. "काका, मला काय माहीत कोणता वेल कशाचा? आचाऱ्याने तोडल्या."

मी तसाच निघून आलो. दोन दिवस दुकानात कोणाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी डोकं थोडं निवलं तेव्हा भाजीवाल्याची अक्कल जागी झाली. बियाण्याच्या शेंगा पिवळ्या पडल्या होत्या, साल चिवट झाली होती. ताटातली भाजी तर कोवळी होती! आचारी माझंच गिऱ्हाईक. त्याला विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, जून शेंग कोण टाकते भाजीत? कोवळ्या बाजूच्या वेलाईवरून तोडल्या, त्या वेलावर तं मी गेलतो तवा काईच नोतं. चिंधी-बिंधी तं पाह्यलीच नाई."

म्हणजे शेंगा शिजल्या नव्हत्या. आचारी यायच्या आधीच कोणीतरी नेल्या होत्या. मी श्रीकांतकडे गेलो, आधी माफी मागितली... मला ती नीट मागता येत नाही, पण मागितली. त्याने आतून चिंधी आणून दिली. "तेरवीच्या सकाळी दोरीवर वाळत होती, काका. धुतलेली." मी ती उलटून पाहिली. कापलेली नव्हती, फाटलेली नव्हती. गाठ रीतीने सोडलेली होती.

ही गाठ सोडता येणारी इथे दोनच माणसं, मी आणि बाई. आणि बाई तर तेरवीच्या तेरा दिवस आधीच गेल्या होत्या. मी घरी आलो, चिंधी सकरीपुढे टाकली आणि म्हणालो, "हे कोणाचं काम असन, सांग."

सकरी पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "गाठ काय तुमच्या एकट्याच्याच घरची हाय का? माह्या बापाच्या घरी गोण्या नव्हत्या?"

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

सकरी बाईंना याडी म्हणायची. आमच्या बोलीत याडी म्हणजे आई. दवाखान्यात मी औषध आणायला खाली गेलो असताना बाईंनी तिला सांगितलं होतं, की शेंगा पिवळ्या पडल्या की तू काढून घे, सावलीत वाळव, आणि परशरामला सांगू नकोस, त्यानं पाकिटं छापून ठेवली आहेत. सकरीने तेरवीच्या आदल्या दिवशी शेंगा काढल्या, चिंधी धुऊन दोरीवर टाकली, आणि दुसऱ्या दिवशी मी ओरडत होतो तेव्हा ती बायकांच्या पंगतीत बसून मुकाट जेवली. बी डब्यात आहे. डबा कुठे आहे ते ती सांगत नाही. "पोळा झाला का पेरीन. तवर इचारू नका. ज्याच्या घरचा वाल गारांनी गेला त्याले अगुदर देजो म्हनली याडी."

"अन् मले?"

"तुमाले वेल जगवता येते ना? मंग घ्या लायनीत."

आता या गोष्टीला काही आठवडे झाले. पाकिटांचा गठ्ठा काउंटरखाली आहे, फेकवत नाही. चिंधी सकरीने आमच्या मागच्या कुंपणाच्या तारेला बांधली आहे, त्याच गाठीने, जिथे पेरायचं त्या जागेवर. तिथे अजून नुसती भुसभुशीत माती आहे. पहाटे मंडीला निघताना मी रोज त्या चिंधीसमोर थांबतो, आणि उन्हाळा लागला तरी मफलर गळ्यात असतो.

बाई, मी ते बी विकलंच असतं. खोटं बोलणार नाही. पण पाकीट हातात धरून उभ्या होतात तेव्हा एकदा तरी मला विचारायचं होतं, की परशराम, हे काय आहे? तुम्ही आलं मागितलं. माझ्याशी इतकं भांडलात, तिथेच का नाही भांडलात? आणि दुसरं. वालाला भुंगा किती लवकर लागतो हे मला ठाऊक आहे, तुम्हालाही होतं. तुमच्या सगळ्या हिवाळ्यांचं बी आज एका डब्यात आहे, आणि तो डबा मला उघडून पाहता येत नाही. त्याला भुंगा लागला तर जबाबदार कोण? तुम्ही, का सकरी? ती बोलत नाही. तुम्ही तरी सांगा.