तात्यांनी लावलेल्या पाळ्या

तात्यांना निवांत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवतानाही एक गुडघा उभा. कुणी हाक मारली की घास हातात घेऊनच निघत. देवळाली प्रवराला जन्मभर पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या उसाला कधी सोडायचं ते बघणारे. हे आमचे चुलते, म्हणून आमचं पाणी कायम शेवटी. "घरच्याला आदी दिलं की गाव दारात येऊन बसतंय," म्हणायचे.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर फुप्फुसभर पसरलाय, आता औषध नाही. तात्या लगेच चपला शोधू लागले. त्यांचा मुलगा दिनू नागापूरला कारखान्यात, काकूंचे गुडघे गेलेले. "घरी बघणार कोण? इथंच राहू द्या," दिनू म्हणाला.

"हितं मरायचं न्हाई मला," तात्या म्हणाले. "पाळ्या लावतो."

दिनू आणि आम्ही तिघे पुतणे खाटेभोवती उभे. ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं, सकाळी नर्सबाई, बाकी वेळ आम्ही. खर्चाचंही त्यांनीच ठरवलं, "ज्याचं रान जास्त भिजतं, त्याची पाणीपट्टी जास्त." माझा पगार मोठा, म्हणून पट्टीही माझीच सगळ्यांत मोठी.

पण सुई दिसली की पेशंटच्या आधी मीच आडवा होतो. हळूच म्हटलं, "तात्या, मी दुप्पट देतो. माझ्या पाळीला माणूस लावू."

"व्हय का सायेब? पट्टी भरली म्हनून रानात दारं धरून पानी काय पाटकऱ्यानं वळवायचं? आन ध्यानात ठेव, पुढचा आल्याबिगर जागा सोडायची न्हाई. पानी मोकाट सुटतं."

झालं, मी हजर. नळी बघ, खिडकी लाव, परत उघड, मोबाईल बघ. पेज पाजताना निम्मी त्यांच्या बंडीवर. "उसाला पाजतोस का मला? बस की खाली! तुझ्यापरीस मशीन गप हाय."

त्या दिवशी माझी पाळी संपून दिनूची सुरू व्हायची होती; तो रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलेला. तात्यांचा श्वास तुटायला लागला. दाराकडे बघत म्हणाले, "आला का?"

"येतोय."

"तू हायेस न्हवं? मग हुईल."

थोड्या वेळानं काकूंनीच मशीन बंद केलं. शेजारपाजार गोळा झाला. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "उठा, जरा चहा घ्या."

"दिनू येऊ द्या," मी म्हणालो. आणि तात्यांचा हात धरून त्या खुर्चीत पहिल्यांदाच गप बसलो.