पावसात दाखवलेलं घर

समुद्राकडच्या वटार गावाच्या बाजूचं हे घर ज्या एजंटने मला घेऊन दिलं त्याने मला फसवलं, आणि माझ्यापेक्षा जास्त माझ्या बायकोला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून लोक म्हणतील, हा माणूस वाऱ्याशी भांडतोय.

मी जुन्या दुचाक्या घेतो आणि विकतो. नालासोपाऱ्यात रस्त्याकडेला एक गाडी उभी करून सुरुवात केली, आज दुकान स्वतःचं आहे. कुणाच्या दारात गाडी बघायला गेलो की आधी इंजिनवर हात ठेवतो. गरम लागलं की ओळखायचं, मी यायच्या आधी यानं ती चालू करून ठेवलीय, थंड असताना ती किक घेत नाही. मग मी भाव असा पाडतो की समोरचा देवाचं नाव घेतो. अशा माणसाला गरम इंजिन विकलं गेलं.

बायकोला दमा आहे. नालासोपाऱ्याच्या घराभोवती सतत बांधकाम आणि सिमेंटची धूळ. डॉक्टर म्हणाले, हवापालट करून बघा. म्हणून पश्चिमेला घर शोधायला लागलो. एजंट म्हणाला, "शेठ, इथली हवा म्हणजे औषध. वहिनींचा दम्याचा पंप कपाटात जाईल."

त्याने घर दाखवलं ते भर श्रावणात. गॅलरीसमोर सुरूच्या झाडांची रांग आणि तिच्यापलीकडे समुद्र. झाडं धुऊन निघालेली, खालचा रस्ताही चकचकीत. बायको गॅलरीत उभी राहिली आणि तिने छाती भरून श्वास घेतला. कितीतरी वर्षांनी मी तिला असा श्वास घेताना बघत होतो. "हेच घ्या," ती म्हणाली. विकणाऱ्यासमोर असं बोलल्यावर घासाघीस संपतेच, तरी मी भाव खाली ओढला. मालक लगेच उतरला. मी खूश झालो. जो लगेच उतरतो त्याच्या मालात खोट असते, हे मी माझ्याच दुकानात दहा जणांना शिकवलंय.

पाऊस संपल्यावर तिची थोडी कुरकुर झाली. ती आम्ही नव्या रंगाच्या वासावर ढकलली. थंडी सरली आणि खरा त्रास सुरू झाला. शिंका, डोळ्यांना खाज, मग छातीत शिट्टी. आधी उदबत्ती बंद केली, मग शेजारच्या मांजराला हाकललं, शेवटी उशा फेकून दिल्या. काही फरक नाही.

कारण कळलं ते गाड्यांच्या सीटवरून. रविवारी आणि दुकान बंद असेल तेव्हा मी एखादी गाडी घरी आणून बिल्डिंगखाली लावतो. काळी सीट सकाळी पुसलेली असायची, आणि संध्याकाळी तिच्यावर पिवळसर भुकटी. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, पहाटेचं दवही असतं, तेव्हा सीट स्वच्छ आणि बायको ठीक. ऊन तापलं, समुद्रावरून वारा सुटला, की सुरूच्या रांगेतून तो थेट आमच्या गॅलरीत. मग सीट पिवळी आणि बायको खिडक्या लावून आत. खिडक्यांसाठी घेतलेल्या घरात ती दुपारभर खिडक्या लावून बसायची.

एकदा अवकाळी पाऊस सकाळपासून नीट लागून पडला. दुसऱ्या दिवशी ती एकदम ताजी. पाचूबंदरला जाऊन मासळी घेऊन आली, वर कोळणीशी भावावरून भांडूनही आली. मला वाटलं, पाऊस आला की सुटलो. पुढच्याच आठवड्यात ढग आले, वावटळ उठली, वीज कडाडली आणि चार थेंब पडून गेले. त्या संध्याकाळी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बोलायलाही दम पुरत नव्हता.

तिच्या हातावर टोचून तपासणी झाली. सुरूचा पराग टोचला ती जागा टम्म फुगली. डॉक्टर म्हणाले, धो धो पाऊस पराग खाली बसवतो, पण वाऱ्याबरोबर थोडा ओलावा आला तर पराग फुटतात आणि त्यांचा बारीक चुरा थेट छातीत उतरतो. कोरड्या वाऱ्याच्या दुपारी घरातच राहा.

घरी येताना ती म्हणाली, "एवढे भाव पाडता ना सगळ्यांचे? मग वाऱ्याला सांगा, थोडं खाली ये म्हणून."

हसलो खरा, पण डोकं भणभणत होतं. तळमजल्यावर अर्नाळ्याकडची एक म्हातारी राहते. बायको हाफत जिना चढताना बघून ती म्हणाली, "तुमच्याआधीची पोर पन असाच पंप घेऊन फिरायची. म्हनून तर गेले ते. त्या एजंटाला ठाव नाय का? रडत त्याच्याचकडं गेलेले."

मी तसाच त्याच्या ऑफिसात गेलो.

"सुरू मी लावले काय, शेठ?" तो म्हणाला. "वारा मी सोडला काय?"

"मालक का जातोय, हे माझ्या बायकोने तुला तुझ्याच गाडीत विचारलं होतं. तू म्हणालास, मुलीच्या कॉलेजसाठी."

"तुम्ही गाडी विकताना सांगता, ती कुठे आपटलीय?"

"विचारलं तर सांगतो. गिऱ्हाईक तुटलं तरी सांगतो."

त्याने खुर्ची पुढे ओढली. मग अगदी घरच्यासारखा म्हणाला, "शेठ, तापू नका. पावसाळा येऊ द्या. श्रावणात मीच विकून देतो, चांगल्या भावाने."

म्हणजे त्याला महिनासुद्धा पाठ होता.

खरं सांगतो, मी घरी येईपर्यंत मनात घराचा भाव मांडला होता. बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती, हात न थांबवता म्हणाली, "आणि त्या गॅलरीत दुसरी कुणी बाई असाच श्वास घेईल. तिला कोण सांगणार, तुम्ही?"

मी सांगितलं तर घर विकलं जात नाही. नाही सांगितलं तर मी तोच एजंट. आता ठरलंय ते असं: सुरूचा बहर ओसरेपर्यंत ती साताऱ्याकडे बहिणीच्या घरी राहणार. यंदा, आणि पुढच्या वर्षीही. स्वतःचं घर असून बहिणीकडे. बॅग दाराशी भरून ठेवली आहे.

म्हणून त्या एजंटला मी इथे सगळ्यांसमक्ष सांगतो. मला पैसे नकोत, तुझी दलाली तू खा. पण ती निघायच्या आधी एकदा दुपारी आमच्याकडे ये. त्या लावलेल्या खिडक्यांच्या आत तिच्यासमोर बस. तिने सरळ प्रश्न विचारला होता, तिचा आजार तुला माहीत होता, तरी तू खोटं का बोललास? मला सांगू नकोस. तिला सांग.