मंदीच्या वहीतला मागचा डावा

हसायचं तं आत्ताच हसून घ्या, मधात थांबवू नका मले. मी चौथी शिकली. पण त्या दिवशी जे वाचलं, त्यापरीस अंगठेबहाद्दर राह्यली असती तं बरं झालं असतं!

आमची मंदी यवतमाळले कॉलेजात. दिवाळीले आली ते मैत्रिणीचा लॅपटॉप घेऊन. त्यात मोटारीच्या शर्यतीचा खेळ. कोपऱ्यात चार चाकायचं चित्र. गाडी पळे तसा चाकातला हिरवा रंग उतरे अन् तांबडा चढे. किती झिजलं याचा आकडाच नाई! मंग ही पोट्टी काय करे? माह्या ब्लाऊजच्या मापाच्या टेपनं स्क्रीनवरचं चाक मोजे अन् वहीत लिहे!

"खोटं चाक काहून मोजत बसली वं? मोजाचं तं बापाच्या टेम्पोचं मोज. उद्या कापूस घेऊन महागावले जाऊन राह्यला तो."

"मोजतो न वं आई!" मान वर न करता.

मले वाटलं, पोरीनं ऐकलं. इथंच माती खाल्ली मी!

त्या साली बोंडअळीनं खाऊन जे उरलं, तो सारा कापूस त्या एका टेम्पोत होता. आभाळ भरून आलतं. भिजला कापूस जिनिंगवाला हातात धरत नाई. हे पहाटेच निघाले. मंदी दळण घेऊन चक्कीवर गेली. मी सहज वही उघडली.

'मागचा डावा. अर्धा सेंटीमीटर उरला. अजून दोन चकरा, मंग फुटते.'

ह्यायले फोन लावला, तं तो खुंटीवरच्या सदऱ्यात वाजे! पळतच रशीदभाईच्या गॅरेजवर गेली. आमची स्टेपनी तिथंच पडली होती.

"भाभी, ये टायर कमजोर हाय. इसपे भरोसा मत करो."

"माणूस मरून राह्यला तिकडं! उचला!"

मोटरसायकलवर पुढं रशीदभाई, मधात टायर, मागं मी. रस्त्यात गर्दी दिसली का माहा जीव जाये. एका ठिकाणी तं मी रडालेच लागली. जवळ गेलो तं केळीवाला!

महागावच्या जिनिंगवर पोहोचलो. आमच्या पुढं पाचच गाड्या. हे मजेत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून राह्यले होते.

"उतरा खाली!"

"काय झालं वं? कोण गेलं?"

"तुमीच चालले होते!"

रशीदभाईनं वाकून पाह्यलं. "भाभी, मागचा डावा तं एकदम फस्क्लास हाय."

"माही पोरगी कॉलेजात शिकते. तुमी कुठं शिकले?"

बिचाऱ्यानं पाने काढले. जॅक लावून टायर बदलला. तोवर मागच्या गाड्या बाजूनं पुढं घुसल्या. आमचा नंबर आला अन् फाटक बंद! "आता उद्या या." आभाळ पाहून कापूस वापस घरी आणला.

मंदी दारातच उभी. "बाबा, कापूस काहून वापस आणला?"

मी वही नाचवली. "तुह्या बापाचा जीव वाचवला मी!"

तिनं वही पाह्यली, मंग माह्याकडं पाह्यलं. "आई, हे खेळातलं हाय वं. टेम्पोचं मी मोजलंच कुठं?"

ह्यायनं जेवणाचं ताट सरकवून दिलं. मी म्हणलं, तोंड लपवून काय फायदा? सकाळी मीच टेम्पोत बसली. काढलेला चांगला टायर अंगणातच पडला होता. नाल्यापाशी आलो नाई तं फाट्!

पाऊस भुरभुर सुरू. मी कापसावर ताडपत्री टाकली अन् तिच्यावरच आडवी पडली, उडाले नको म्हणून. हे खाली उतरले, मागं गेले, वाकले. मागचा डावा. मीच बसवाले लावलेला!

मंग वर पाहून सावकाश म्हणे, "मंदीची माय, काल घरी आलो ते एक चक्कर. आजची ही दुसरी. पोट्टीचं माप चुकलं नाई हो!"