तीन वस्त्या, तीन चाब्या

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. ग्रामपंचायतीत निवडून आले तेव्हा लोक ‘बी.ए.वाली’ म्हणू लागले. मी तो मानच समजले.

आमचं गाव धाडजवळ. पाण्याची टाकी एक, वस्त्या तीन, प्रत्येक वस्तीच्या नळाला पाणी सोडायचा एक व्हॉल. तिन्ही व्हॉल उघडायची लोखंडी चाबी मात्र एकच, आणि ती सरपंचांच्या दारामागे. सरपंच बुलढाण्याला मुक्कामी गेले की गाव कोरडं. आमची वरची वस्ती चढावर, तिथं तर ते गावात असले तरी पाणी करंगळीएवढं.

मी मासिक सभेत ठराव मांडला, तीन चाब्या करा आणि वस्तीची चाबी वस्तीत ठेवा.

सरपंच म्हणाले, “वहिनी, चाब्या वाटून राह्यल्या का गाव?”

“गाव कायले वाटू भाऊ? तुमच्या दारामागची अडगळ तेवढी कमी करून राह्यली.”

सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला. वरच्या वस्तीची चाबी शेजारच्या काकूंकडे ठेवली.

पहिल्याच बाजाराच्या दिवशी फजिती झाली. धाडच्या बाजाराला निघायच्या आधी प्रत्येकाला पाणी हवं होतं. तिन्ही वस्त्यांनी एकदम व्हॉल उघडले, टाकी सगळी उतारावर पळाली. आमच्या नळांतून नुसती सूं सूं.

काकू रिकामी घागर घेऊन दारात आल्या. “सूनबाई, तुह्या ठरावानं हवा चांगली आली वं. ते बी फुकट.”

सरपंचांनी लगेच ग्रामसभा बोलावली. चाब्या परत जमा करा, म्हणाले. त्या परत गेल्या असत्या तर आमची वस्ती पुन्हा एका माणसाच्या मर्जीवर आली असती. मी उभी राहिले.

“चूक माही हाय. चाब्या वाटल्या, वेळ ठरवली नाही. वेळ पंचायतीनं ठरवावी, सगळ्यांसमोर, अन् टाकीवर लिहावी. टाकी भरलेली असते तवा पयले वरची वस्ती. चाब्या मात्र वस्तीतच राहतील.”

“अन् कोणी वेळ मोडली तर?” सरपंचांनी विचारलं.

“आठ दिवस त्याची चाबी पंचायतीत. तेवढे दिवस पंचायतीचा माणूस व्हॉल उघडीन.”

सभेतल्या माना डोलल्या. मग सरपंचांनी खडू मागवला आणि टाकीवर वेळा स्वतः लिहिल्या. स्वतःची वस्ती त्यांनी शेवटी टाकली, हे मला मान्य करायला हवं.

पंधरा दिवस सुरळीत गेले. मग काकूंकडे पाहुणे आले, गोधड्या धुवायला निघाल्या, आणि आमचा व्हॉल अर्धा तास जास्त चालू राहिला. खालच्या दोन वस्त्यांची ओरड झाली. मी काकूंच्या दारात गेले.

“काकू, चाबी द्या.”

“आपल्याच वस्तीची जमा करतं?”

“हो. नाही केली तर उद्या कोणाचीच होणार नाही.”

काकूंनी ओल्या हातानं चाबी पुढे केली. “नियम तुहाच हाय. जाय घेऊन.”

भर दिवसा, गावातून मिरवत नेल्यासारखी, मी ती पंचायतीत नेऊन ठेवली. सरपंचांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे केली.

ते आठ दिवस पंचायतीच्या माणसानं आमचा व्हॉल उघडला. एकदाही उशीर झाला नाही. नवव्या दिवशी काकू स्वतः जाऊन चाबी घेऊन आल्या.