इंदूवहिनीचं मत

कोणी मत विचारायला आलं की इंदूवहिनी आधी तोंड धुऊन यायची. दारात साबणाच्या कंपनीची पोरगी उन्हाने लाल होऊन उभी असली, तरी तिला आत बसवायची, पाणी द्यायची आणि म्हणायची, "दोन मिनिटं थांब हं, आलेच." मग मोरीत जाऊन हातपाय, तोंड धुणार, केसांवरून फणी फिरवणार, पदर नीट करणार आणि खुर्चीत ताठ बसून म्हणणार, "हां, विचार आता."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, "वहिनी, साबणाचं विचारायला आलीय ती. तुला बघायला नाही."

"मतदानाला पारोशी जातेस का तू?" ती म्हणाली. "मग? हेही मतच आहे."

आमची दारं समोरासमोर. पंचवटीतल्या एका जुन्या इमारतीत दोन-दोन खोल्या. मी बाजारात भाजी विकायचे, चौथी शिकलेली. ती गुरुजींची बायको. गुरुजी रामकुंडावर यजमानांची कामं करायचे. माणूस वाईट नव्हता, पण घरात सगळं तेच ठरवायचे. भाजी तेच आणायचे, तिच्या साडीचा रंगही तेच सांगायचे. संध्याकाळी ते आले की ती चहा टाकायची, दोघं प्यायची, आणि ते बोलायचे, ती ऐकायची. तिला कोणी काही विचारत नसे. मलाही कोणी विचारत नव्हतं, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला वाटत असावं.

नव्वद सालानंतर शहरात या सर्वेवाल्या मुली फिरायला लागल्या. कोणता साबण, कोणतं तेल, कोणती पावडर. आम्ही बाकीच्या बायका दार लावून घ्यायचो, नाहीतर काहीतरी ठोकून द्यायचो. वहिनी एकेका प्रश्नावर विचार करायची. एकदा एका मुलीने विचारलं, "काकू, घरात खरेदीचा निर्णय कोण घेतं?"

"हे."

"हे म्हणजे? नाव सांगा."

आता नाव कसं घेणार? वहिनी थांबली, मग पुढ्यातल्या कोऱ्या वेष्टनातल्या वडीकडे पाहून म्हणाली, "बिननावाच्या साबणाला फेस येतो छान, वसंतरावांचं नाव घेते, राखते तुमचा मान." मुलीने पेन खाली ठेवलं. तिला सगळा उखाणा लिहायचा की नुसतं नाव, ते कळेना.

त्या बिननावाच्या वड्या मुली घरी वापरायला देऊन जायच्या आणि आठवड्याने विचारायला यायच्या. चांगलं बोललं की मुली खूश होतात, हे आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. वहिनी सांगायची, "या वडीने अंग खाजलं. लिही." मी म्हणायचे, चांगलं म्हटलं असतं तर अजून दोन वड्या मिळाल्या असत्या. त्यावर तिचं ठरलेलं वाक्य होतं, "मत मागितलं तर खरं द्यावं. खोटं द्यायचं असेल तर दार लावून घ्यावं."

वस्तू वापरून बघायला देणाऱ्यांचंही तसंच. एक जण पाणी शुद्ध करायचं यंत्र लावून गेला. पंधरा दिवस फुकट वापरा, नाही आवडलं तर परत. असली यंत्रं परत घ्यायची वेळ आली की विकणारे भेटत नाहीत, आणि लोक लाजेने पैसे भरून टाकतात. वहिनीने मुदत संपायच्या आदल्या दिवशी यंत्र पुसून, पिशवीत घालून, रिक्षाने त्याच्या दुकानात नेऊन ठेवलं. तो म्हणाला, "काकू, पाणी चांगलं नव्हतं का?" ही म्हणाली, "पाणी चांगलं होतं. यंत्राचा आवाज सहन होत नाही." मला नंतर म्हणाली, "फुकट म्हणजे तारखेपर्यंत फुकट. तारीख विसरणाऱ्यांच्या जिवावर त्यांचं दुकान चालतं."

मग गुरुजी गेले. दिवस झाल्यावर तिचा मुलगा सुहास म्हणाला, "आई, पुण्याला चल. इथे एकटी काय करणार?" तो पुण्यात कंपनीत होता. सरळ मुलगा. आईला टाकणारा नव्हता, उचलून नेणारा होता. वहिनीला तिच्या दोन खोल्या सोडायच्या नव्हत्या. पण तिच्या हातात पोस्टाचं थोडं व्याज सोडून काही नव्हतं, आणि मुलाकडून पैसे घेऊन इथे राहायचं तर तो कधीही चल म्हणू शकतो, हे तिला कळत होतं. ती म्हणाली, "मला वर्षभर बघू दे. भाडं, दूध, वीज, गॅस माझं मी भागवलं तर राहीन. नाही भागलं तर येईन." सुहासला वाटलं, दोन महिन्यांत येईल.

सर्वेच्या ऑफिसातली एक बाई तिला ओळखायला लागली होती. तिने सांगितलं, आता हे काम कॉम्प्युटरवरही असतं, थोडे पैसेही मिळतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलीमचं सायबर कॅफे होतं. सलीम मूळ मालेगावचा, घरचे माग विकून इथे आलेला, दोन पोरांचा बाप. तोंड धुऊन, धुतलेलं लुगडं नेसून वहिनी तिथे जायला लागली. सलीम प्रश्न वाचायचा, ती उत्तर सांगायची, तो बटण दाबायचा.

"चाची, गाडी हाय म्हणून टाकू का? गाडीवाल्यांना लय सर्वे येतात."

"गाडी नाही."

"एसी?"

"पंखा आहे. तोही कुरकुरतो. विचारलंय का?"

"ते नाय विचारत. चाची, सच बोलून इथं पैसा नाय भेटत."

"मग कमी भेटू दे."

बरेचदा मधेच स्क्रीन बंद व्हायची. आपण पात्र नाही, धन्यवाद. सलीम डोक्याला हात लावायचा, वहिनी म्हणायची, "पुढचा काढ." तेल, मसाले, चहा, कपड्याची पावडर यांचे सर्वे मात्र तिला पूर्ण भरता यायचे. कुपनं यायची, ती दुकानात चालायची. ऑफिसात बायकांना चर्चेला बोलवत, तिथे सामोसा आणि पाकीट मिळायचं. एकदा तर अमेरिकेतून चेक आला. बँकेतल्या माणसाने सांगितलं, हा वटवायला जेवढा खर्च येईल तेवढी याची रक्कम नाही. वहिनीने तो देवाजवळ ठेवला. मी म्हटलं, "देवालाही वटवता यायचा नाही तो." ती म्हणाली, "असू दे. एवढ्या लांबून माझं मत विचारलं कोणीतरी."

ती भागवत होती. कशी, ते मी रोज बघत होते आणि माझा विश्वास बसत नव्हता. मी चार पैसे जास्त मिळतील म्हणून सडकी मेथी जुडीच्या पोटात घालणारी बाई. ही मिळणारे पैसे खरं बोलून घालवत होती, आणि तरी तिचं दूध बंद झालं नाही.

वर्ष होत आलं तसा सुहास आला. यावेळी त्याने घरमालकाशी बोलून ठेवलं होतं, खोल्या कधी सोडायच्या ते. आईला सांगायचं तेवढं राहिलं होतं. रविवार होता. तो म्हणाला, "तुझं ते कॉम्प्युटरचं काम तरी बघू काय आहे." मी बाजारातून येत होते, वहिनी म्हणाली, "चल गं, तूही बघ." मी टोपली सलीमच्या दारात ठेवली आणि मागे उभी राहिले.

सुहास कॉम्प्युटरपुढे बसला. इंग्रजी येणारा मुलगा असताना सलीम कशाला? तो भराभर वाचत आणि दाबत गेला. वय, शहर, घरात माणसं किती. मग त्याने काहीतरी वाचलं, दाबलं, आणि स्क्रीन बंद झाली.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"पात्र नाही म्हणतंय."

"काय विचारलं होतं?"

"घरातले निर्णय कोण घेतं."

"तू काय दाबलंस?"

तो स्क्रीनकडेच बघत म्हणाला, "मुलगा."

सलीम तोंडावर रुमाल धरून बाहेर बघायला लागला.

"मी सांगितलं होतं का तसं?"

"अगं आई, साधी गोष्ट आहे."

"साधीच आहे," वहिनी म्हणाली. "त्यांना तुझं मत नको होतं, म्हणून त्यांनी दार लावलं. पुढचा काढ."

पुढचा चहाचा होता. तोच प्रश्न पुन्हा आला. सुहासचा हात माउसवर तसाच राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय दाबू?"

मी त्या घरासमोर इतकी वर्षं राहिले. त्या घरातल्या पुरुषाने तिला असं विचारलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"मी स्वतः," ती म्हणाली. त्याने ते दाबलं. सर्वे पुढे सरकला.

मग तो मराठीत करून एकेक विचारत गेला. चहा कडक की दुधाळ, साखर किती, दिवसातून कितीदा. ती ताठ बसून सांगत होती. शेवटी विचारलं होतं, चहा किती आवडतो.

"अजिबात नाही," ती म्हणाली.

सुहास वळला. "आई, तू रोज घेतेस की."

"घेते. आवडत नाही. कोणी विचारलं नव्हतं."

त्याने तेही दाबलं. घरी येताना टोपली त्याने उचलली. मी नको म्हटलं, तरी घेतली. जिन्याशी आल्यावर तो म्हणाला, "आई, तुझं काय मत आहे? पुण्याला यायचं का?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. घरमालकाकडे जाऊन त्याने सांगितलं, खोल्या सोडायच्या नाहीत. संध्याकाळी तिने त्याच्यापुरता चहा केला आणि स्वतः भांडंभर पाणी प्यायली.

त्यानंतर ती बरीच वर्षं राहिली, आणि गेली ती तिच्याच खोलीत. रडण्यासारखं काही नव्हतं, वय झालं होतं. तिच्या नावाची पार्सलं नंतरही काही दिवस येत राहिली. त्यातला एक शांपू मी वापरला. बरा होता, पण कसा होता ते विचारायला कोणी आलं नाही.

मागे आमच्या दारी एक मुलगी आली. पिठाचा सर्वे होता. सून आत होती. मी मुलीला बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, "थांब, आलेच." मोरीत जाऊन तोंड धुतलं, पदर नीट केला आणि खुर्चीत येऊन बसले. "हां, विचार."

"आजी, घरातले निर्णय कोण घेतं?"

सोपं होतं. "मी" असं म्हटलं असतं तर तिने लिहून घेतलं असतं. पण खोटं द्यायचं तर दार लावून घ्यायला हवं होतं, आणि दार मी उघडलं होतं.

"सून," मी म्हटलं.

"मग त्यांना बोलवता का जरा?"

मी सुनेला हाक मारली. ती कणकेच्या हातानेच बाहेर आली. मी उठून तिला खुर्ची दिली आणि पदराने तोंड पुसत आत गेले.